भातात उभ्या खोचलेल्या हाशी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या ऑफिसातल्या बाईंकडे जेवायला जायचंय आणि तू जपानी पंगतीत काय काय करू नये याची लांबलचक यादी पाठ करत बसली आहेस. ती यादी आधी बाजूला ठेव. पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही. त्यातल्या दोनच गोष्टी मुळापासून समजून घे, त्या चुकल्या तर समोरच्याच्या काळजाला लागतं. दोन्हींचं मूळ मर्तिकाच्या घरात आहे.

पहिली माकुरा-मेशी. माकुरा म्हणजे उशी, मेशी म्हणजे भात. माणूस गेला की त्याच्या उशाशी, त्याच्याच रोजच्या वाडग्यात भात शिगोशीग भरून ठेवतात आणि त्यात त्याच्याच हाशी, म्हणजे चॉपस्टिक, सरळ उभ्या खोचतात. आपल्याकडच्या पिंडाशी नातं सांगणारी ही गोष्ट. आता असं बघ, पाणी प्यायला हात मोकळा हवा म्हणून तू सहज हाशी भातात रोवल्यास, तर यजमानीणबाईंच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील? म्हणूनच या चुकीला ताते-बाशी, म्हणजे उभ्या हाशी, असं वेगळं नाव आहे. तिलाच होतोके-बाशीही म्हणतात. होतोके म्हणजे बुद्ध, आणि बोलीत गेलेला माणूससुद्धा. हा भात एकदाच वाढतात, पुन्हा नाही. त्यामुळे जुन्या वळणाच्या घरी जिवंत माणसाने एकाच वाडग्यावर थांबणं बरं मानत नाहीत. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तर घासभर का होईना, घे.

दुसरी गोष्ट कोत्सुआगे, म्हणजे अस्थी वेचणं. आपल्याकडे बहुधा तिसऱ्या दिवशी हाताने अस्थी गोळा करतात. तिथे दहन झालं की त्याच दिवशी घरची माणसं अस्थींभोवती हाशी घेऊन उभी राहतात. पुष्कळ ठिकाणी ती जोडी मुद्दाम विजोड असते, एक बांबूची आणि एक लाकडाची. दोघांनी मिळून एक अस्थी उचलायची, किंवा एकाने आपल्या हाशीतून दुसऱ्याच्या हाशीत द्यायची, आणि कलशात ठेवायची. सुरुवात पायांपासून, मग वर वर येत शेवटी डोकं, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. अगदी शेवटच्या अस्थींमध्ये नोदोबोतोके असते, 'गळ्यातला बुद्ध'. खरं तर तो मानेचा दुसरा मणका, पण नीट पाहिलं तर मांडी घालून ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखा दिसतो. तो ठेवायचा मान सगळ्यात जवळच्या माणसाचा. तोक्योकडे सगळ्या अस्थी घेतात म्हणून कलश मोठा. ओसाकाकडे मोजक्याच घेतात, तिथला लहान. 'हाशी' या उच्चाराचा दुसरा अर्थ पूल, म्हणून हाशीने हाशीला देणं म्हणजे गेलेल्याला पैलतीरी पोचवणं, असंही सांगतात.

त्या देशात दहनाची पहिली लेखी नोंद इ.स. ७०० ची आहे, दोशो नावाच्या भिक्षूची. आज जवळजवळ प्रत्येकाचं दहनच होतं. म्हणजे तुझ्या टेबलावरच्या बहुतेक मोठ्या माणसांनी हे आपल्या हातांनी केलेलं असणार.

आणि नेमकी इथेच आपल्या माणसांची चूक होते, तीही प्रेमापोटी. 'हे घे ना, चाखून बघ' म्हणत आपण घास पुढे करतो आणि समोरचा आपल्या हाशीने तो धरतो. किंवा शेजारणीचा निसटणारा तुकडा सावरायला आपण आपली हाशी लावतो. दोन्ही नको. कुणी काही देऊ केलं तर आपली बशी पुढे कर. तुला द्यायचं असेल तर ताटात तोरिबाशी, म्हणजे वाढायच्या हाशी, असतील त्याने त्यांच्या बशीत ठेव.

मृतासाठी सगळं उलट करायचं, याला तिकडे साकासा-गोतो म्हणतात. श्राद्धाला जानवं अपसव्य करतात ना, तोच विचार. आपण कढत पाण्यात विसण घालतो. प्रेताच्या स्नानाला आधी गार पाणी घेऊन त्यात कढत ओततात. किमोनोचंही तसंच. ७१९ साली सम्राज्ञी गेनशोच्या दरबाराने हुकूम काढला, की सगळ्यांनी उजवा पदर आत आणि डावा वर घ्यावा. मृताला तेवढं उलट नेसवतात. तुला हौसेने युकाता, म्हणजे सुती हलका किमोनो, नेसवली तर उजवा हात छातीशी घालून बघ. सहज आत गेला तर बरोबर. सेल्फीवरून ठरवू नकोस, त्यात पुष्कळदा डावं-उजवं बदललेलं दिसतं. मुक्कामाची वेळ आली तर उत्तरेला डोकं करून झोपू नये हे तुला शिकवायला नको. कुशीनगरला बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं तेव्हा त्यांचं मस्तक उत्तरेला होतं, म्हणून तिकडे प्रेत तसं ठेवतात.

बाकीचे नियम, म्हणजे हाशीची टोकं चाटू नयेत, वाडगा हाशीने ओढू नये, कुठलं घेऊ म्हणत ताटावर हाशी फिरवू नये, हे नुसतं वळण आहे. चुकलं तर हसून सोडून देतील. हाशी उलटी करून मागच्या टोकाने वाढणंही टाळ, तिथे आपला हात लागलेला असतो. नववर्षाला विलोच्या लाकडाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या हाशी मिळतात. त्यांचं एक टोक आपलं, दुसरं देवाचं. ते तर मुळीच वापरायचं नाही.

भेट नेशील ती चार किंवा नऊ नगांची नको. शि म्हणजे चार आणि मृत्यूही, कु म्हणजे नऊ आणि यातनाही.

हाशी उचलायच्या तीन हालचालींत. उजव्या हाताने वरून धरून उचल, डाव्या हाताचा खालून आधार दे, मग उजवा हात कडेने सरकवत खाली आण आणि पकड. खालची हाशी अनामिकेवर टेकलेली आणि हलत नाही. हलते ती फक्त वरची. टोकं एकमेकांवर चढतात ती खालची हाशी हलल्यामुळे. ठेवताना हाशीओकीवर, म्हणजे हाशी टेकवायच्या छोट्या ठोकळ्यावर, टोकं डावीकडे. हाशीओकी नसेल तर वारीबाशीच्या, म्हणजे एकदाच वापरायच्या लाकडी हाशींच्या, कागदी पाकिटाची घडी घाल आणि तिच्यावर ठेव.

आणि तुझ्या हाताच्या मापाची जोडी घे, मोठी पेलणार नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताण. आपली वीत करंगळीपर्यंत, त्यांची तर्जनीपर्यंत. त्या दोन टोकांतलं अंतर मोज आणि दीडपट कर. १४ सेंटिमीटर भरलं तर २१ ची हाशी. शनिवारपर्यंत रोज रात्री भिजवलेले हरभरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाक, आधी वीस, मग पन्नास. लाकडी घे, प्लास्टिकवरून निसटतात.

तुझी,
आई