आधी चिंचोके हातात द्या, वही नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात चार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. गेल्या आठवड्यात तिला १ ते ५० पाच वेळा लिहून आणायचा होमवर्क होता आणि तिसऱ्या ओळीलाच पोरगी रडायला लागली, आजी बोटं दुखतात म्हणून. मी वही मिटली, डब्यातले चिंचोके काढले आणि म्हटलं मला यातले सात दे बरं. तिने मूठभर दिले. मोजून दे म्हटलं तर तोंड एक दोन तीन चार करत धडाधड वीसच्या पुढे निघून गेलं आणि बोट आपलं अजून सहाव्या चिंचोक्यावर. शाळेत मात्र हिला "पन्नासपर्यंत येतं" असा शेरा आहे. मी स्वतः बावीस वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे हे बघून गप्प बसवलं नाही.

अंक म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. म्हणणं हे बडबडगीतासारखं आहे, पाठ होतं. मोजायचं म्हणजे एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, कुठली सुटली नाही पाहिजे आणि कुठली दोनदा यायला नको, आणि शेवटी जो शब्द आला तेवढ्या सगळ्या मिळून आहेत हे कळलं पाहिजे. हे कळलंय का ते बघायला घरी एवढंच करा, पाच चमचे मोजायला सांगा आणि झाल्यावर विचारा, किती आहेत? पोर पुन्हा एकपासून सुरू झालं तर समजायचं की अजून नाही कळलं. त्यात रागवण्यासारखं काही नाही, या वयात असंच असतं, फक्त अशा पोराला पन्नास आकडे लिहायला बसवू नका एवढंच म्हणणं आहे.

नातीसाठी मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरंच. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना तीसचा, त्याच्या पाच-पाचच्या दोन ओळी कापून घेतल्या, म्हणजे दहा खळगे झाले. एका खळग्यात एकच चिंचोका टाकायचा आणि टाकताना आकडा म्हणायचा. खळगा आला की हाताला थांबावं लागतं, मग तोंडही थांबतं. पहिले दोन दिवस नुसतं भरणं आणि ओतणं चाललं होतं, चौथ्या दिवशी एक ओळ पूर्ण भरलेली आणि खाली दोन, ते बघून न मोजता म्हणाली "सात!" मी विचारलं कशावरून, तर म्हणते हे पाच आहेत आणि हे दोन. लिहून लिहून हे कधी आलं असतं?

दुसरा खेळ आपल्या सगळ्यांच्या लहानपणचा. चिंचोके फरशीवर एका बाजूने घासायचे, पांढरं दिसेपर्यंत. चौकअष्ट्याला आपण असेच चार घ्यायचो, चारही पांढरे पडले तर चौक आणि एकही नाही पडला तर आठ. लहानांसाठी तो आठाचा नियम सोडून द्या आणि पाच चिंचोके घेऊन नुसते टाका, पांढरे किती, काळे किती, सगळे मिळून किती. दोन आणि तीन, चार आणि एक, कसेही पडले तरी पाच ते पाचच, हे पोर स्वतःच्या डोळ्याने बघतं. बेरजेचा पाया हाच तर आहे. आणि पाचही काळे पडले की पांढरे किती? "एकपण नाही." शून्य शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आकडे ओळखायला पुठ्ठ्यावर फेविकॉलने मोठा अंक काढून वर रांगोळी भुरभुरवायची, वाळला की त्यावरून बोट फिरवायचं, पेन्सिलीची घाई करायची नाही. जुन्या कॅलेंडरवरच्या तारखा कापून पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि तेवढे कपड्यांचे चिमटे लावायला दिले तरी चालतं, चिमटा दाबून बोटांत जोरही येतो. बाकी घरात कामं आहेतच, जेवायला किती जण ते बघून तेवढ्या वाट्या आण म्हणायचं.

एक मात्र कळकळीने सांगते, तीनच्या आतल्या मुलांना चिंचोके, मणी, वाटाणे अजिबात देऊ नका. माझ्याच बालवाडीत एकाने वाटाणा नाकात घातला होता, डॉक्टरकडे न्यावं लागलं, तो दिवस मी विसरलेले नाही. एवढ्या लहानांना लिंबं, कांदे, बटाटे, मोठे चमचे द्या, आणि तीनच्या पुढच्या मुलांनासुद्धा चिंचोके समोर बसूनच द्या, खेळ झाला की चिंचोके मोजून डब्यात, तेही मोजणंच.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर हेच केलं, पानं, बिया, शंख-शिंपले, खडे, जे अंगणात असेल त्यावर पोरं शिकली, अंगणवाडी ही कल्पनाच तिथून आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही या वयात खेळातूनच शिकवा असं आहे. तरी ज्युनिअर केजीला ५० आणि सिनिअरला १०० लिहायची चढाओढ काही थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात आम्ही पालक-आजीआजोबाही आहोत, कारण वही कोरी दिसली की "शाळेत काही शिकवतच नाहीत" म्हणून आपणच तक्रार करतो.

आपल्या पेपरची मुलांची पुरवणी येते, तिच्यात आठवड्याला एक असा घरातल्या वस्तूंचा मोजणीचा खेळ छापता आला तर बघा ना. आकृती काढून दिली तर आयांना लगेच करता येईल. पहिले चार-पाच मी लिहून पाठवायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा