मेंढपाळ गावात असताना माळाचा आराखडा करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या ग्रामपंचायतीने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत निसर्ग संवर्धनाचा आराखडा मंजूर केला. त्या दिवशी अर्धी वाडी घाट उतरून कोकणात होती. दिवाळी सरली की मेंढरांचे वाडे निघतात आणि मृगाच्या सुमारास परततात, हे आमच्या माण तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १ मेच्या ग्रामसभेलाही तीच गत.

आराखड्यात गावामागचा अख्खा माळ 'पडीक' दाखवलाय. त्यावर जेसीबीने समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले) काढायचे आणि कडेने गिरिपुष्पाची झाडं लावायची. शेजारच्या शिवारात २०१९ साली, ३३ कोटी वृक्षलागवडीच्या वेळी, हेच झालं. जी झाडं जगली त्यांना आमची मेंढरं तोंड लावत नाहीत. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं चराच्या मातीखाली गाडली गेली. माजलं ते कुसळी गवत. त्याची कुसं लोकरीतून थेट कातडीत रुततात. धाविक पक्षी, खोकड, लांडगा हे उघड्या माळाचे जीव, त्यांना झाडी काय कामाची? (धनगराच्या घरातला माणूस लांडग्याची बाजू घेतो याचं नवल वाटेल. कोकरू नेलं की शिव्या आम्हीच घालतो. पण त्याचं बीळ कुठल्या ओघळीत आहे, हे माझ्या चुलत्यांना ठाऊक आहे. त्यांना कुणी विचारलं नाही.)

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने गावकऱ्यांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची वही, करायची. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, ती चुकवणाऱ्या राज्यांनी महिना दहा लाख रुपये भरावेत असा आदेश दिला, आणि मग वह्या भराभर 'पूर्ण' झाल्या. आमची वही मी मागून पाहिली. गवतांच्या रकान्यात एकच नोंद : 'गवत'. समितीत एक तृतीयांश महिला हव्यात, म्हणून माझ्या भावजयीचं नाव यादीत आहे. तिला ते माझ्याकडूनच कळलं.

माझा चरांना सरसकट विरोध नाही. जिथे माती खरोखर वाहून जाते तिथे जरूर खणा. पण हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पुन्हा घ्या. त्याआधी समितीने मेंढपाळांना, बायकांनाही, बरोबर घेऊन माळ पायी फिरावा. पावसाळ्यात गवत वाढलं की मेंढपाळांना ते ओळखू येतं, आणि वहीतला तो रकाना एका सकाळीत भरेल. बी झडेपर्यंत कुठला तुकडा चराईला बंद ठेवायचा, हे मेंढपाळांनीच ठरवलं तर ते पाळतीलही. बाहेरून लादलेली चराईबंदी आजवर किती टिकली, हे वनरक्षकांनाच विचारा.

तोवर पंचायत समितीने आमच्या गावासाठी रोपवाटिकेत नोंदवलेली यंदाची मागणी थांबवावी. रोपं आली की खड्डे घेतले जातात आणि मग ग्रामसभेला विचारण्यासारखं काही उरत नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. माण, जि. सातारा