रोकोटोचं तिसरं पाणी

लिमा
सोमवार, 18 ऑगस्ट 2025

प्रिय संध्या,

चौदा महिने. तू मोजून ठेवले असशीलच, म्हणून आधीच कबूल करते. मध्ये दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा काकूंपाशी येऊन अडले. काकू गेल्या तेव्हा फोनवर मी जे बडबडले ते तुझ्या लक्षात नसेल अशी आशा आहे. असेल, मला माहीत आहे.

तब्येत बरी. बीपीची अर्धी गोळी आता पूर्ण झाली, उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. ऊन जूनपासून धड पाहिलेलं नाही. लिमाच्या ह्या हिवाळी आभाळाला इथले लोक ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. एकदा येऊन वर बघ, तुलाही दुसरं नाव सुचणार नाही.

आता मुद्दा. काल मी बारा माणसांसमोर धडधडीत खोटं बोलले आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. बोलून तोंड मिटतेय तोच मला साताऱ्याच्या स्वयंपाकघरात गुळपोळ्यांच्या चळतीपाशी उभी असलेली तू दिसलीस. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला गुणाची सून म्हणतील, आणि ते ऐकायची माझी लायकी नाही. का ते पुढे.

काल घरी आरेकिपाचं जेवण होतं. 15 ऑगस्ट हा आरेकिपाचा वाढदिवस, 1540 साली स्पॅनिश लोकांनी ते शहर ह्या तारखेला वसवलं. यंदा शुक्रवार आला म्हणून जेवण रविवारी. आरेकिपाची माणसं म्हणजे इथले कोल्हापूरकर, हे तुला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. आमचं तिखट, आमचा डोंगर, आमचा दगड, बाकीचे सगळे बाहेरचे. मामा लिमाला येऊन साठ वर्षं झाली, तरी ती अजून इथे पाहुणीच आहे. (हो, सासूला अजून मामाच म्हणते. ‘घरात मामा म्हणजे आई आणि पापा म्हणजे बटाटा, तर काका म्हणजे कोण?’ हा तुझा विनोद मी इथे कुणालाही समजावून सांगितलेला नाही. इथे काका म्हणजे शी, ते तुला नंतर कळलंच.)

तर रोकोटो रेयेनो. म्हणजे भरला रोकोटो. रोकोटो दिसायला टोमॅटोएवढी गुबगुबीत लाल मिरची, आपल्या ढोबळीची धाकटी बहीण वाटावी अशी. कापली की आत बिया काळ्याकुळकुळीत, तिथेच ओळखायचं की ही ढोबळी नव्हे. वरचं टोपण कापून ठेवायचं, चमच्याने बिया आणि शिरा खरवडून काढायच्या आणि मग त्या पोकळ मिरच्या पाण्यात साखर-व्हिनेगर घालून उकळायच्या. पाणी फेकायचं. पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळायचं. मामाच्या घरी तीन पाणी. पहिल्या पाण्याला उकळी फुटली की घरभर असा ठसका उठतो की शेजारीसुद्धा खोकतात. आमच्या कोल्हापुरात डंखावर मिरची कांडताना व्हायचं तसं. मग सारण: सुरीने बारीक चिरलेलं मांस (तू एक ओळ गाळून पुढे ये), कांदा, लाल मिरचीचं वाटण, शेंगदाणे, मनुका, काळी ऑलिव्हं. वर चीज, वर टोपण, दूध-अंडं ओतून भट्टीत. सोबतीला बटाट्याच्या चकत्यांचे दुधाचीजात भाजलेले थर, त्याला बडीशेपेचा वास.

शनिवारी दुपारी रोकोटो पोखरून झाले. मामा म्हणाली, उकळायचं मी बघते, तू चीज घेऊन ये. मी गेले. बाजारात माझी कासेरा, म्हणजे नेहमीची भाजीवाली, तिने चीज कुठे चांगलं ते सांगितलं, कोथिंबीर दिली, वर ‘यापा’ म्हणून दोन पिवळ्या मिरच्या टाकल्या. (यापा म्हणजे आपण मंडईत ‘मावशी, वर थोडं घाला की’ म्हणतो ते थोडं. इथे मागावं लागत नाही, पण मी मागते. हात शिवशिवतात.) आणि मग ती हळूच म्हणाली, ‘तुमची सेन्योरा आज सकाळी दोनदा येऊन गेली. तेच सामान घ्यायला. दुसऱ्यांदा मी म्हटलं मिरच्या संपल्या.’ समोर टोपलीभर मिरच्या होत्या, संध्या. भाजीवालीला आमच्याआधी कळलं होतं आणि तिने तिच्या परीने झाकून घेतलं होतं.

घरी आले. दार उघडलं आणि काहीतरी कमी वाटलं. काय ते कळायला मिनिटभर लागलं. ठसका नव्हता. कुणी खोकत नव्हतं. ओट्यावर फडक्यावर बाराच्या बारा रोकोटो उलटे मांडलेले, लालबुंद, टणक, चकचकीत. एका पाण्यातून निघाला तरी रोकोटो जरा मलूल होतो. मोठं भांडं फळीवर जिथल्या तिथे होतं. मी आत हात घालून पाहिलं. कोरडं.

मामा म्हणाली, ‘झाले, तिन्ही पाणी झाले.’

आणि मी ‘बरं’ म्हटलं.

आता तू विचारशील, का? कारण ओकोपा. ओकोपा हीसुद्धा त्यांचीच, उकडलेल्या बटाट्यांवर ओतायची चटणी समज: वाळवलेली पिवळी मिरची, भाजलेले कांदा-लसूण, शेंगदाणे, चीज, दूध आणि वाकातायचा पाला. वाकाताय म्हणजे आपल्या झेंडूचा चुलतभाऊ. पहिल्यांदा हुंगला तेव्हा मला दसराच आठवला होता. मामा ती मिक्सरमध्ये करत नाही, मागच्या अंगणातल्या बातानवर वाटते. तोच तिचा दगड, ज्याच्यावरून तिने लग्नात आमच्या आजीच्या पाट्याला हात लावून ‘लहान आहे’ म्हटलं होतं आणि तू ते भाषांतर केलं नाहीस. त्याचा वरवंटा ओढायचा नसतो, दोन्ही हातांनी धरून डोलवायचा. मी ह्या वर्षात ती ओकोपा चार वेळा ‘शिकले’. दर वेळी ती पहिल्यांदाच शिकवतेय अशा उत्साहात. दाट यायला त्यात गोड बिस्किटं घालतात. पहिल्या तीन वेळा घातली, चौथ्यांदा पाव. मी म्हटलं, ‘मामा, बिस्किटं ना?’ बस. दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही तिने. खोलीत बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. तिचे हात मी कधी मांडीवर पाहिलेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम भात चिकट केला, तेव्हा ती ओरडत बाहेर आली.

म्हणून ‘बरं’ म्हटलं. रात्री गुपचूप उठून उकळावेत असं ठरवलं होतं. पण तिने संध्याकाळीच सारण भरून टाकलं. आता ते उकळणार कसे? मग मी स्वतःला सांगितलं, भट्टीत जातीलच, दूध-अंडं आहेच, बघू.

काल दुपारी मोठ्या दिरांनी पहिला घास घेतला आणि बोलणं थांबलं. मग चिचा मोराडाचा, म्हणजे जांभळ्या मक्याच्या सरबताचा, अख्खा जग त्यांनी एकट्याने संपवला. पोरांची नाकं वाहायला लागली. पुतण्या नळाखाली जीभ धरून उभा. कुणीतरी विचारलं, हे उकळले कुणी? मामाने काटा हातात धरला होता, खाली ठेवला नाही, तोंडातही नेला नाही. मी म्हटलं, ‘मी. एकाच पाण्यातून काढले. आमच्याकडे एवढं तिखट लागतंच.’ आणि एकच हशा! इंडिया, इंडिया! वीस वर्षं मी ह्या लोकांना सांगतेय की आमच्याकडे सगळेच तिखट खात नाहीत, देशस्थ-कोकणस्थांपर्यंत समजावून झालंय. काल तेच अज्ञान कामी आलं.

इथवर ठीक होतं. पण मग मामा माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तीन पाणी! किती वर्षं सांगतेय हिला, तीन पाणी!’

तिला खरंच वाटतंय की मी उकळले? की मी टाकलेलं खोटं तिने झेललं? रात्रभर हेच. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट तेही ठरवता येत नाही. आणि खोटं तरी ते कुठे धड खोटं होतं? भांडं कोरडं होतं हे मला माहीत होतं. बारा माणसांची तोंडं मीच भाजली, एका म्हातारीला ‘बरं’ म्हणून.

तुझ्या गुळपोळीच्या वेळी मी हसले होते. मिठाची गुळपोळी म्हणून होस्टेलभर सांगितलं. तू ‘मीच दोनदा मीठ घातलं’ म्हणालीस आणि मी ते खरं मानलं, कारण तू वेंधळी आहेस हे मला आवडायचं. पुढे काकूंच्या विसरण्याचं सगळं कळल्यावर आणखी वर तुला फोनवर शहाणपण शिकवलं की दादाला आधीच सांगायला हवं होतंस. तू म्हणालीस, ‘तुला ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही ना.’ त्यावर मी फोन आपटला होता. (चूक तुझीही होती. ‘दुरून डोंगर साजरे’ हे म्हणायची गरज नव्हती. पण आता जाऊ दे.)

आता मी ओट्यापाशी उभी आहे, तेव्हा विचारते. तू दीड वर्ष थांबलीस. कशासाठी थांबलीस, आणि कशामुळे सांगितलंस? गॅस उघडा राहिला होता तेव्हा ना? तेवढं होऊ द्यायचं का मी?

नवऱ्याला सांगून पाहिलं. आडून. मामाच्या आईची आरेकिपात पिकान्तेरिया होती, आपल्याकडच्या खानावळीसारखी. तिथे वाराचं सूप ठरलेलं, सोमवारी चाके, मंगळवारी चायरो. चायरोत चुन्यो असतो, डोंगरावरच्या थंडीत रात्री गोठवून दिवसा उन्हात वाळवलेला बटाटा, दगडासारखा. मामा कॅलेंडर पाहत नाही, सूप पाहते. तर गेल्या महिन्यात तिने गुरुवारी चायरो केलं आणि संध्याकाळी मंगळवारच्या मालिकेची वाट पाहत बसली. मी ह्याला सांगितलं तर म्हणतो, ‘मन झालं असेल. तिच्या हाताची चव तर तीच आहे ना?’ आहे, तेच तर. सासोन म्हणतात इथे, हाताची चव. ती तशीच आहे. डोळे झाकून परतते, कांदा-लसूण-मिरचीला तेल सुटल्याचं वासावरून ओळखते. माप विचारलं तर आजही म्हणते ‘डोळ्याने’. जे हाताला माहीत आहे ते राहिलंय, जे मोजावं लागतं ते जातंय. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी.

आणि नणंद. ती आरेकिपाहून आलेली, तिला तिखटाचं काय, तिने सबंध रोकोटो मुकाट्याने संपवला. नंतर भांडी घासताना शेजारी उभी राहून म्हणाली, ‘काल पहिल्या पाण्याचा ठसका लागला का गं तुला?’ मी म्हटलं, ‘फार.’ तिने ताट दोनदा पुसलं आणि काही बोलली नाही. बुधवारी ती परत जाते. म्हणजे माझ्याकडे दोन दिवस आहेत, आणि तुझं उत्तर पोचायला किती लागतील देव जाणे. म्हणून पत्राचा फोटोही पाठवतेय. हस्ताक्षराला नावं ठेवू नकोस.

आणखी एक, मग थांबते. भाताच्या बुडाची खरवड आठवते ना? आपण चमच्यांनी मारामारी करायचो, तुझ्या कोपरावर अजून व्रण आहे आणि तो माझ्यामुळे नाही, कितीदा सांगू. इथे तिला कोन्कोलोन म्हणतात आणि ह्या घरात ती मोठ्या मुलाची. वीस वर्षांत एकदाही दुसऱ्या कुणाच्या ताटात पडलेली मी पाहिलेली नाही. काल भांडणबिंडण झाल्यावर मामाने लसणीच्या तेलात खरपूस झालेली ती अख्खी पोळी उलथन्याने सोडवली आणि माझ्या ताटात घातली. मोठे दीर बघत राहिले. विसरली? की काय? मी खाल्ली मात्र सगळी.

तुझं सांग. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं पुढे काही झालं की अजून बिल्डर चहाच पाजतोय? मिनूला जपानी जमतंय का? दादांची अँजिओग्राफी नीट झाली हे कळलं, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुझ्या घशाचं काय? आणि पोळीवाल्या मावशी परत आल्या का?

आज सोमवार. सोमवारी मसूर खाल्ले की घरात पैसा टिकतो असं लिमाचे लोक मानतात, मामानेही लग्नानंतर ते उचललंय. चाके नि चायरो चुकले, पण मसूर आज बरोबर सोमवारीच चढलेत. तिने आतून आत्ता दुसऱ्यांदा विचारलं, मीठ घातलं का? मी दोन्ही वेळा हो म्हटलंय. आता उठून घालते.

तुझी,
शैला

ता. क. ‘लोंचे’ला बोलावलं म्हणून मी बरणी घेऊन गेले होते, तो किस्सा मिनूला सांगू नकोस. तिला खरंच वाटेल की इथे संध्याकाळच्या चहाला लोणचं म्हणतात.