बाबा, फोन आपटायला शिका

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, मायना बरोबर आहे का बघा, चुकला असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून ठेवा. व्हॉट्सॅपवर एवढं लांबलचक टाकलं तर तुम्ही 'रात्री निवांत वाचतो' म्हणणार आणि ती निवांत रात्र काही उगवत नाही, म्हणून प्रिंट काढून दादाबरोबर पाठवतेय. अक्षरं मोठी ठेवलीत, चष्म्याचं कारण चालणार नाही.

तर परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "अगं त्या लाईटबिलाच्या माणसाचं तुला सांगायचंच राहिलं," आणि मागून बाबांचा आवाज, "तिला कशाला सांगतेस आता". तिथेच माझ्या पोटात गोळा आला. दहा दिवस झाले होते त्या गोष्टीला. दहा दिवस! मधे आपण रोज बोललोय, कुरडया किती झाल्या, बाबांची शुगर किती, सगळं सांगून झालं आणि हे नाही.

संध्याकाळी मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला. आता ज्या घरात बिल आलं की दुसऱ्या दिवशी भरलं जातं आणि पावत्या वर्षावार फाईलला लावलेल्या आहेत त्या घरातल्या माणसाला 'तुमचं बिल थकलंय' म्हणणं म्हणजे शिवीच की. बाबांनी फाईल काढली आणि पावती नंबर सांगायला स्वतःहून फोन लावला. तो माणूस नुसता सर सर करत होता म्हणे. सर तुमचं बरोबरच आहे, आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाहीये, एक ॲप टाकून घ्या आणि दहा रुपये भरा म्हणजे अपडेट होईल. ॲप टाकलं, त्याने विचारलेला नऊ आकडी कोड सांगितला, पाकिटातून कार्ड काढलं, आठ आकडे टाकून झाले आणि वळवाचं वारं सुटून खरोखरच लाईट गेली. वायफाय बंद. मोबाईल डेटा बाबा कायम बंद ठेवतात, उगाच संपतो म्हणून. स्क्रीनवर ते चक्र गोल गोल फिरत बसलं आणि तेवढ्यात आई मेणबत्ती घेऊन आली नि म्हणाली, "साडेनऊला तोडणार होते ना, मग आत्ताच कशी गेली?"

मी खूप हसले ऐकून. फोन ठेवला आणि मग बराच वेळ नुसती बसून राहिले.

बाबा, त्याला दहा रुपये नकोच होते. ते ॲप म्हणजे तुमच्या फोनची स्क्रीन जशीच्या तशी त्याला तिकडे दिसते, आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीवाले असली ॲप वापरतात, ॲप चांगलंच आहे, हातात कुणाच्या आहे तो प्रश्न. तुम्ही दहा रुपयांसाठी कार्डाचे आकडे टाकणार, ते तो बघणार, मग बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला की तो तुमच्याआधी त्यानेच वाचलेला असणार. महावितरणचा मेसेज कधी असा दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल असतं. आणि तुम्हाला कायदा आवडतो म्हणून सांगते, विद्युत कायदा २००३, कलम ५६, थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्री साडेनऊ हा प्रकारच कायद्यात नाही.

मला हे कळायला दोन दिवस लागले की बाबा फसता फसता वाचले ते भोळे आहेत म्हणून नाही. आयुष्यभर शाळेचे हिशेब ठेवलेत, पाच पैशाचा घोळ झाला नाही. पण समोरचा बोलत असताना फोन मधेच ठेवायचा नाही, साहेबाने विचारलं की सरळ उत्तर द्यायचं, देणं असेल तर आजच्या आज द्यायचं, या ज्या तुमच्या सवयी आहेत ना, ज्या आम्हालाही लावल्यात, त्यावरच या लोकांचा सगळा धंदा चालतो. कुणी उर्मट माणूस असता तर पहिल्या मिनिटाला 'चल फूट' म्हणून मोकळा झाला असता. म्हणून बाबा, या वयात तुम्हाला एक वाईट सवय लावून घ्यायचीय, बोलणाऱ्याच्या तोंडावर फोन आपटायचा. 'धन्यवाद, ठेवतो' पण म्हणायचं नाही. खरंच बँकेचं काम असेल तर होम ब्रँच आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, उद्या जाऊन विचारता येतं. कार्डाच्या मागे नंबर छापलेला असतो, पासबुकवर असतो, तिथे फोन करायचा. गुगलवर शोधून बँकेचा नंबर घ्यायचा नाही, तिथे चोरांनी आपलेच नंबर कस्टमर केअर म्हणून टाकून ठेवलेले असतात.

आई, तुझं उलट आहे. तू मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटी करून बघतेस, सोनाराच्या काट्यावर तुझा विश्वास नाही, तुझ्याकडून दहा रुपये काढायला माणूस घाम गाळतो. पण तुझी दुखरी नस आम्ही आहोत. 'तुमच्या मुलाला पकडलंय, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत' असं कुणी वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, मागे पोलीस स्टेशनसारखं टेबल, झेंडा वगैरे, की तू बांगड्यासुद्धा काढून देशील. त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात आणि तसलं काही कायद्यात नाहीच, बाबांना आठवत असेल, २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी यावरच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग कृती करा. असा फोन आला की ते पहिली अट घालतात, कुणाला सांगायचं नाही, कॉल बंद करायचा नाही. तेवढं ऐकलंस की समज. आवाज माझा किंवा दादाचा असला तरी, आजकाल आवाजाची नक्कल होते, आपण घरातला एक शब्द ठरवू, तो विचारायचा. शब्द इथे लिहीत नाही, आल्यावर कानात सांगेन.

आता एक गोष्ट जी मी तुम्हाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी माझे साठ हजार गेले.

आईची साडी मागवली होती, ती यायची होती, आणि मेसेज आला की पत्ता अपुरा आहे, पंचवीस रुपये भरून पत्ता दुरुस्त करा. मी मीटिंगमध्ये, एक कान तिकडे, लिंक उघडली, कार्ड नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते हो, अडतीस हजार असं स्पष्ट लिहिलं होतं, मी फक्त ते सहा आकडे बघितले. लक्षात आलं ते घरी जाताना बसमध्ये. आणि मग मी काय केलं, तर काही नाही. रात्रभर गप्प बसले. आयटीत काम करणारी बाई, लोकांना सिक्युरिटीचं ट्रेनिंग देते, कुठल्या तोंडाने सांगू. सकाळी बँकेला फोन केला तोवर रात्रीतून परदेशातल्या कुठल्यातरी वेबसाईटवर तेच कार्ड अकरा-अकरा हजाराला अजून दोनदा चाललं होतं, तिथे ओटीपीपण लागला नाही. नवऱ्याला चौथ्या दिवशी सांगितलं. तुम्हाला आज.

पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, मी ते कोळून प्यायले. त्यात असं होतं. आपली काही चूक नसताना तिसऱ्यानेच खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन वर्किंग डेजच्या आत आपण कळवलं तर आपल्याला काही भुर्दंड नाही, चार ते सात दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत आपल्यावर येतं, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण ओटीपी, पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंत जे जाईल ते आपलं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणजे संध्याकाळी सातला फोन केला असता तर ते बावीस हजार तरी वाचले असते. लाजेची किंमत बावीस हजार. आणि १९३० हा नंबर तर मला माहीतच नव्हता. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच आहे, तिथे लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडकवून ठेवता येतात, पुढे पुढे सरकले की मग अवघड, म्हणून पहिला तासभरच काय तो कामाचा. आधी बँक आणि १९३०, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, ती मी इथून भरीन. फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवा, गॅसच्या नंबरशेजारी.

म्हणून बाबा, 'तिला कशाला सांगतेस' हे वाक्य परत नको. मी ओरडणार नाही. ओरडायला तोंडच ठेवलेलं नाही मी.

बाबा म्हणतील त्यापेक्षा ऑनलाईन बंदच करून टाकू, बँकाच लुटल्या जातात तिथे आपलं काय, कॉसमॉसचं काय झालं. मला पाठ आहे ते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ते बँकेच्या सिस्टीममध्ये घुसून, पण ते खातेदारांच्या खात्यातून गेले नव्हते. आणि बंद करून तुम्ही पेन्शन बघायला उन्हात रांगेत उभे राहणार, गुडघे कुणाचे दुखणार? बंद करायचं नाही, फक्त दारं लहान करायची.

मी सुट्टीत मुलांना घेऊन येईन तेव्हा बँकेत जाऊ. पेन्शनच्या खात्यावरून यूपीआय काढून टाकायचं, दुसरं जे छोटं खातं आहे त्यात दहा-पंधरा हजार ठेवायचे आणि फोनला फक्त ते जोडायचं, दूधवाला किराणावाला सगळं त्यातून. कार्डाचा परदेशी वापर बंद करायचा, ॲपमध्येच बटण असतं (माझं सिंगापूरला गेल्यापासून चालूच होतं, म्हणून तर). नेटबँकिंगमधून एफडी मोडायची सोय बंद करून मिळते का विचारू, कारण हे लोक खात्यात घुसले की आधी एफडी मोडतात, ती मोडली की आयुष्याची बचत बचत खात्यात येऊन पडते.

बाबा पासवर्ड वहीत लिहितात त्यावरून दादा त्यांना हसतो, मला ते चालतं. झारखंडात बसलेला चोर आपलं लोखंडी कपाट उघडायला येणार नाही. फक्त त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा नाही. आई, एटीएम कार्डाच्या कव्हरवर तू पेन्सिलने पिन लिहिलायस तो मात्र खोड. आज. पत्र वाचून झालं की.

जुना दिवाण विकायची जाहिरात टाकलीय ना, कुणी म्हणेल मी मिल्ट्रीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो. आणि बाबांच्या त्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर लग्नपत्रिका येतात त्या फोटो किंवा पीडीएफ असतील तरच उघडा, शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल असते, पाठवणारे गुरुजी ओळखीचे असले तरी, त्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, जिवंत आहात हे बँकेत जाऊन दाखवू, मी येते बरोबर.

ते लाईटबिलवालं ॲप दादा आला की त्याच्याकडून काढून घ्या, तो कार्ड बंद करून नवीन मागवायलाही मदत करेल. आठच आकडे टाकले होते हे खरं, पण बँकेचं ॲप त्या वेळी उघडलं होतं की नाही हे बाबांना नक्की आठवत नाहीये, म्हणून पासवर्डही बदलायचा.

कुरडया थोड्या जास्त दे, इथे शेजारच्यांनीही मागितल्यात.

तुमची,
छोटी

ता. क. आमच्या ऑफिसातला एक मुलगा आहे, फार गोड बोलतो. त्याला मी बाबांचा नंबर दिलाय, बँकेतून बोलतोय म्हणून फोन करणार आहे, कधी ते सांगणार नाही. आई, बाबांनी त्याला 'जेवलात का' म्हणून विचारलं तर नापास, मला लगेच कळव.