स्टिल्टमधले सायलेनचे ड्रम हलवण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती,
डोंबिवली (पूर्व)

विषय: ए विंगच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) पंपरूमला लागून गाळाधारकांनी ठेवलेले सायलेन आणि सिलिकॉनचे ड्रम तातडीने हलवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

या विषयावर तोंडी सांगून झालं, तक्रारवहीत लिहून झालं, वार्षिक सभेत मांडूनही झालं. दर वेळी ‘बघतो, त्यांच्याशी बोलतो’ एवढंच उत्तर मिळालं. आता समितीने ड्रमांवर ताडपत्री टाकायला लावली आणि सांडलेलं रसायन सफाई कामगाराकडून पाइपने गटारात धुऊन घेतलं. या दोन्ही उपायांनी धोका वाढला आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे.

गाळाधारक त्या मालाला ‘वॉटरप्रूफिंगचं सामान’ म्हणतात. प्रत्यक्षात तिथे तीन वेगवेगळ्या प्रकृतीची रसायनं आहेत. लोखंडी ड्रममध्ये मिथाइलट्रायमिथॉक्सीसायलेन (पुढे नुसतं ‘सायलेन’) हा द्रव आहे. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये मिथाइल हायड्रोजन सिलिकॉन तेल आहे, ज्याला बाजारात एच-ऑइल म्हणतात. आणि तशाच निळ्या ड्रममध्ये, अगदी खेटून, पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट आहे. सोसायटीच्या ग्रुपवर हवेत आपोआप पेटणाऱ्या वायूचा व्हिडिओ फिरला होता. तो सायलेन वायू वेगळा, तो इथे नाही. पाणी लागताच आम्लाचे पांढरे धूर सोडणारे क्लोरोसायलेनही इथे नाहीत. आहे त्याबद्दलच बोलतो, कारण आहे तेच पुरेसं गंभीर आहे.

लोखंडी ड्रमातल्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट 10 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे त्या तापमानालाच त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. डोंबिवलीत ऐन थंडीच्या पहाटेही पारा सहसा इतका खाली जात नाही. ही वाफ हवेपेक्षा चौपटीहून अधिक जड असते. ती वर विरून जात नाही, जमिनीलगत पसरत उताराने खाली जाते. आपल्याकडे उतार पंपरूमकडे आणि लिफ्टच्या खड्ड्याकडे आहे. पंपाचा स्टार्टर दर वेळी लागताना आणि सुटताना आत ठिणगी पाडतो. टाकीतल्या फ्लोट स्विचमुळे तो रात्री-अपरात्री आपोआप चालू होतो, तेव्हा तिथे माणूसही नसतो.

आता पाण्याबद्दल. हे सायलेन पाण्यात पडलं तर भडका उडत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटतं. पण ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होऊन मिथेनॉल सुटतं. प्रक्रिया पूर्ण झाली तर एक किलो सायलेनमधून सुमारे 700 ग्रॅम मिथेनॉल. आम्ल किंवा अल्कली लागलं तर ही प्रक्रिया झपाट्याने होते. मिथेनॉल विषारी आहे, श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं, डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं, आणि लक्षणं बारा ते चोवीस तास उशिरा दिसू शकतात. ते पेटलं तर ज्योत दिवसाउजेडी जेमतेम दिसते. पाइप लावून धुतलं, त्या दिवशी हे मिश्रण बंद गटारात गेलं. गटाराच्या जाळीवर बसून मुलं क्रिकेट बघतात.

कोपऱ्यातल्या लोखंडी ड्रमचं बूच समितीपैकी कोणीतरी वाकून बघावं. आट्यांभोवती पांढरी, काचेसारखी ठिसूळ कड धरली आहे. ती धूळ किंवा रंग नाही, ओलावा आत शिरून तयार झालेलं सिलिकॉनचं रेझिन आहे. त्याच ड्रमचं झाकण मधोमध वर आलं आहे. ड्रम दिवसा तापतो, रात्री थंड होताना सैल बुचातून दमट हवा आत ओढतो, आणि सुटलेल्या मिथेनॉलचा दाब साठत जातो. ताडपत्रीने उष्णता आणि दमटपणा दोन्ही आत कोंडले, शिवाय वाफेला निघून जायची वाट बंद झाली.

निळ्या ड्रमांची मला अधिक काळजी आहे. सिलिकोनेट तीव्र अल्कली आहे, त्याचा पीएच 13 च्या घरात असतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा गॅल्वनाइज्ड भांड्यात ओतलं तर धातू खाऊन हायड्रोजन सोडतं. एच-ऑइलमध्ये अल्कली मिसळलं तरी हायड्रोजनच सुटतो, आणि एका किलोमागे 350 ते 400 लिटरपर्यंत. हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेटतो. तो वर चढतो आणि स्टिल्टच्या बीमांमधल्या खणांत साठतो, नेमका जिथे आपल्या ट्यूबलाइट आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वॉकेगन इथे 3 मे 2019 रोजी सिलिकॉनच्या कारखान्यात हेच झालं. एच-ऑइलसारखंच सिलिकॉन आणि अल्कली असलेलं रसायन, दोन्ही जवळजवळ सारख्याच निळ्या ड्रममध्ये होती. एकाच्या जागी दुसरं ओतलं गेलं, हायड्रोजन सुटला, स्फोट झाला आणि चार कामगार गेले. तो प्रशिक्षित माणसांचा कारखाना होता. इथे हाताखालचा पोरगा मार्करने लिहिलेलं, पावसाने अर्धं पुसलेलं नाव वाचून एकाच मगाने दोन्ही ड्रममधला माल पाच लिटरच्या कॅनमध्ये भरतो. आपल्या गावाने 26 मे 2016 आणि 23 मे 2024 असे एमआयडीसीतले दोन स्फोट पाहिले आहेत, अधिक काय सांगू?

गाळाधारक म्हणतात की 2500 लिटरपर्यंत परवाना लागत नाही. पेट्रोलियम कायद्यातली ती सूट 23 अंश किंवा त्याहून अधिक फ्लॅश पॉइंटच्या ‘ब’ वर्गाला आहे. 23 अंशांखालच्या ‘अ’ वर्गाला मर्यादा 30 लिटरची, तीही विक्रीसाठी नसेल तर. सायलेन हे पेट्रोलियम नाही हे मला ठाऊक आहे. पण फ्लॅश पॉइंटचाच दाखला द्यायचा असेल तर पूर्ण द्यावा. शिवाय आपल्या उपविधींत ज्वलनशील माल साठवण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 नुसार जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची आहे. दर जानेवारी-जुलैला आपण ‘बी’ फॉर्म, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा तपासल्याचा दाखला, देतो. त्या तपासणीच्या दिवशी हे ड्रम कुठे होते, हे समितीने लेखी कळवावं. विमा कंपनीला हा साठा कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी तेही अंगाशी येईल.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाबद्दल समितीने दोन दिवसांत नोटीस काढली. तुळशीच्या कुंडीबद्दल दंड लावला. इथे मात्र पाहुण्यांच्या पार्किंगची जागा ड्रमांनी अडली, रात्री अकरानंतर टेम्पोतून टायरवर धपाधप ड्रम उतरवले जातात, वॉचमनकाका डोकं दुखतं म्हणून खुर्ची गेटबाहेर घेऊन बसतात, आणि समितीला नियम आठवत नाही. ए विंगमधल्या बहुतेक घरांचं मत माझ्यासारखंच आहे. शेजारधर्म म्हणून ते सही करायला कचरतात, इतकंच. मलाही कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. धंदा त्यांनी जरूर करावा, पण योग्य गोदामात.

ड्रम हलेपर्यंत तरी पुढच्या गोष्टी आजच सुरू कराव्यात, त्याला खर्च जवळजवळ नाही. ताडपत्री काढावी. एच-ऑइल आणि सिलिकोनेट स्टिल्टच्या विरुद्ध टोकांना ठेवावेत, प्रत्येकाचा मग, नरसाळं आणि पंप वेगळा असावा, नावं मोठ्या अक्षरांत आणि न पुसणारी असावीत. स्टिल्टमध्ये ओतणं-भरणं पूर्ण बंद व्हावं. सायलेन धातूच्या ड्रममधून प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओततानाच स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. हे काम दोन्ही भांडी धातूची, एकमेकांना तारेने जोडलेली आणि अर्थिंग केलेली असतील तेव्हाच करायचं असतं. स्पिरिटसारखा वास आला तर जवळचं कुठलंही बटण दाबू नये. बंद करतानाही ठिणगी पडते. मेन स्विच मागच्या मीटररूममधूनच पाडावा.

सांडलं तर पाणी नको, भुसा नको. कोरडी वाळू टाकावी, प्लास्टिकच्या फावड्याने गोळा करावी, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात बाहेर उघड्यावर ठेवावी. घट्ट बंद केलेला डबा फुगतो. एच-ऑइलवर धुण्याचा सोडा, चुना किंवा सिमेंट कदापि टाकू नये, तिन्ही अल्कली आहेत. कापडी मास्कचा उपयोग नाही, आणि रसायनांची वाफ गाळणारा काळ्या कार्ट्रिजचा मास्कही मिथेनॉलला फार वेळ अडवत नाही. हातमोजे ब्यूटाइल रबराचे हवेत. डोळ्यांत उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना मिथेनॉलचं नाव सांगावं. सायलेनची आग छोटी असेल तर लॉबीतला एबीसी पावडरचा सिलिंडर चालेल. मोठी असेल तर साधा फोम मिथेनॉलवर टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. हे 101 वर फोन करतानाच सांगायला हवं.

फुगलेला ड्रम कोणीही हलवू नये, त्याचं बूच उघडू नये. ज्या पुरवठादाराकडून माल आला त्याचा माहितगार माणूस बोलवावा, तोवर चारही बाजूंनी दोरी बांधून जागा मोकळी ठेवावी. बाकीचे ड्रम दिवसाउजेडी, उभे, बूच घट्ट करून आणि बांधून न्यावेत. सायलेन आणि एच-ऑइल एका फेरीत, सिलिकोनेट दुसऱ्या फेरीत.

प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक गाळाधारकांकडून घेऊन नोटीस बोर्डावर लावावं. त्यावरचं नाव पूर्ण वाचून लावावं. टेट्रामिथॉक्सी किंवा नुसतं ट्रायमिथॉक्सीसायलेन निघालं तर त्यांच्या वाफेनेच डोळ्याच्या बुबुळाला इजा होते, आणि मग इथे लिहिलेली खबरदारीही अपुरी ठरेल.

सात दिवसांत ड्रम हलवण्याची लेखी नोटीस समितीने काढावी आणि तिची प्रत मला द्यावी. ती निघाली नाही, तर हेच पत्र ड्रमांच्या फोटोंसह महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे देईन. फुगलेल्या ड्रमसाठी मात्र सात दिवस थांबू नये. पुरवठादाराला आज संध्याकाळपर्यंत फोन व्हावा.

आपला,
सदनिकाधारक, बी विंग