आधी भविष्य निधीचा भरणा, मग लाभांश: सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचा भागधारक आहे. आमच्या बर्फ कारखान्याचा ऑपरेटर निवृत्त झाला. पगारपत्रकात दरमहा 12 टक्के कपात आहे, पण भविष्य निधीच्या पासबुकात मधली काही वर्षे कोरी. सोसायटीने आपला हिस्साही भरलेला नाही, आणि पेन्शनचे 8.33 टक्के त्याच हिश्श्यातून जातात. पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. भविष्य निधी कार्यालय त्याला विचारते, भरणा कुठे आहे? त्याने काय दाखवायचे?

वार्षिक सभेत मी हा विषय काढला. चेअरमन म्हणाले, "आपली सहकारी संस्था, माणसे 50 च्या आत, कायदा लागूच नाही." 1952 च्या भविष्य निधी कायद्यातल्या कलम 16 चे हे अर्धेच वाक्य झाले. ती सूट यंत्रशक्तीविना चालणाऱ्या संस्थांना आहे. बर्फ कारखाना काय वाऱ्यावर चालतो? आणि कायदा लागू नव्हता, तर कपात कसली केली?

मग तोट्याचे रडगाणे: डिझेलची उधारी थकली, डोक्यावर बँकेचे कर्ज. पण त्याच कायद्याच्या कलम 11 प्रमाणे मालमत्तेवर पहिला बोजा भविष्य निधीच्या थकबाकीचा. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरही भविष्य निधीचाच हक्क आधी धरला.

भविष्य निधी केंद्राकडे आहे, हे मला माहीत आहे. सोसायटीचे लेखापरीक्षण मात्र राज्याच्या सहकार कायद्याखाली होते. आमचे लेखापरीक्षक डिझेलचा लिटर-लिटर मोजतात, भविष्य निधी भरल्याचे चलन कधी मागत नाहीत. उशिराच्या भरण्यावर 12 टक्के व्याज चढते, वर दंड. तो बसणार सोसायटीवर, म्हणजे आम्हा सभासदांवर. ज्यांनी पैसे अडवले ते संचालक पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभे!

म्हणून दोन मागण्या. चलने तपासल्याचा शेरा लेखापरीक्षण अहवालात असल्याखेरीज लाभांश वाटू देऊ नये. माझाही लाभांश त्यात अडकेल, अडकू दे. आणि कापलेली रक्कम न भरणाऱ्या संचालकांवर राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम 88 खाली वैयक्तिक जबाबदारी निश्चित करावी.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, सोसायटीत कामाचा रेटा नसतो. निबंधकांना दप्तर तपासायला तेव्हाच पाठवा.

आपला,
एक सभासद