कागद मी काढते

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा 'आपल्याच नातवंडांसाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची?' म्हणाले आणि फोन आईकडे देऊन उठले. दादा-वहिनींच्या मागे मुलांचं पालकत्व कोर्टाकडून तुमच्या नावावर करून घ्यावं, म्हणून लिहितेय.

गेल्या खेपेला चिनूची शाळेची डायरी चाळली. 'पालकाची सही' या रकान्यात बाबांची वळणदार सही, आणि पुढे कंसात बारीक अक्षरात 'आजोबा'. तीन वर्षं, प्रत्येक पानावर. शाळेने चालवून घेतलं, बँकेने नाही. दादाच्या विम्याचे पैसे मुलांचे, पण मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, आणि पैसे घ्यायला दादाने नाव दिलं होतं ते वहिनीचं. बँकेतल्या माणसाने बाबांना सगळ्यांसमोर 'तुम्ही कायद्याने यांचे कोण?' विचारलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, हे आईने मला नंतर सांगितलं.

बाबा, त्याची बोलण्याची रीत वाईट होती. पण कायदा तसाच आहे. नैसर्गिक पालक म्हणजे आई-वडील. ते दोघंही नसले, तर आजी-आजोबांनी कितीही खस्ता खाल्ल्या तरी ते आपोआप पालक होत नाहीत. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. अर्ज मुलं राहतात त्याच जिल्ह्यात करायचा, तुम्हाला पुण्याला यायला नको. जवळच्या नातेवाइकांना नोटीस जाते, ते भांडण समजू नका. चिनूच्या मामांशी मी बोललेय, ते ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र देणार आहेत. चिनू अकरा वर्षांची आहे, न्यायाधीश तिलाही विचारतील. आई, तिला हे तूच सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकते ती.

'या वयात आमच्याकडे कोण देणार' असं आई म्हणाली, ते मनातून काढून टाका. कोविडमध्ये आई-वडील गेलेल्या अहमदाबादच्या एका लहान मुलाचा ताबा हायकोर्टाने मावशीला दिला होता. तिचं वय कमी, सरकारी नोकरी. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आजी-आजोबांना दिला. आजोबा ७१चे, आजी ६३ची. नुसतं वय आणि मिळकत बघून मुलाचं हित ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलं. आपल्या ओमला ताप आला की कुणाच्या कुशीत शिरायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बाबा, मला वाटतं तुम्ही कोर्टाला भीत नाही. अर्जात 'मुलांचे आई-वडील हयात नाहीत' असं लिहायचं आणि खाली तुम्ही सही करायची, ते हातून होत नाहीये. माझ्याही झालं नसतं. पण उद्या तुमचे हातपाय थकले, तर मुलांचं काय? तेव्हा मी उभी राहीनच, पण आज तुमची नेमणूक झालेली असली की माझंही सोपं होईल.

शनिवारच्या पहिल्या एसटीने येते. मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्ड आईने काढून ठेवावं. मृत्यूचे दाखले कपाटाच्या वरच्या खणात, दादाच्या शालीखाली आहेत. ते बाबांनी काढू नयेत. मी आल्यावर काढीन.

तुमची,
माई